निरोप झेलणारे

९ फेब्रुवारी

मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की माझी बुद्धी मला वर नेते आणि माझी जीभ मला खाली आणते. "जे तोंडावर येतं ते घरी जाऊन लिहून काढत जा. लॅबमध्ये नको." म्हणून ही डायरी. मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत आणि त्यांचा सल्ला मी आजवर एकदाही मानलेला नाही. पण पुढच्या महिन्यात कायम जागेसाठी निवड समितीसमोर माझं व्याख्यान आहे, आणि समितीत मॅडम आहेत. एवढा व्यवहार मलाही कळतो.

तर, तोंडावर आलेलं पहिलं वाक्य: जावई मूर्ख आहे.

जावई म्हणजे माझा सहकारी. लॅबमध्ये तो सासुरवाडीला आल्यासारखा वावरतो. चहाचा कप जिथे संपेल तिथे ठेवतो, आणि मायक्रोस्कोपवर माझी वेळ असताना "जरा दोन मिनिटं" म्हणून बसतो तो जेवणाच्या सुट्टीलाच उठतो. कायम जागा एकच आहे आणि तीही त्याला हवी आहे.

आमचं भांडण असं. स्नायूच्या पेशीभोवती तेलकट, अतिशय पातळ पडदा असतो. त्यात प्रथिनं रुतलेली असतात, पण खिळलेली नसतात. इकडून तिकडे सरकत असतात. त्यातली काही आमची लाडकी, रिसेप्टर नावाची. मेंदूकडून मज्जातंतूवाटे "हल" असा निरोप आला की तो झेलायचं काम यांचं. यांनी झेलला तर स्नायू हलतो. नाही झेलला तर मेंदू बसतो ओरडत. हे रिसेप्टर नेमके मज्जातंतूच्या टोकासमोर गर्दी करून असतात. तिथे ते जमतात कसे? मी म्हणतो, भटकत भटकत येतात आणि अडकतात. जावई म्हणतो, त्यांना आतून कोणीतरी ओढून आणतं. साहजिक आहे. त्याला आयुष्यात सगळं कोणीतरी आणूनच दिलंय.

घरी आल्यावर ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शास्त्रज्ञ, ताट वाढलंय. तुम्ही भटकत भटकत येणार, की मी ओढून आणू?"

१५ फेब्रुवारी

आज रिसेप्टर फार सुंदर दिसले. एका सापाच्या विषात एक पेप्टाइड असतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच आखूड भाऊबंद. ते रिसेप्टरला असं चिकटतं की सुटता सुटत नाही. तो साप चावला की माणूस मरतो तो यामुळेच: निरोप येत राहतात, झेलणारे अडकून पडलेले, स्नायू ढिले, आणि शेवटी श्वास. आम्ही त्या पेप्टाइडला चमकणारा लाल रंग जोडतो आणि पेशींवर सोडतो. मग अंधारात लाल ठिपके सरकताना दिसतात. साप जीव घेतो, आम्ही त्यावर पगार घेतो.

घरी मात्र शांतता. ताईची माहिती इथे लिहायला हवी, नाहीतर शांतता ही बातमी का, ते कळणार नाही. ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. पुढचं सगळं ताईनं केलं, आणि ते केल्याचं ती दिवसातून एकदा तरी ऐकवते. खाली तिचं केस कापायचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. लोक श्वास घेतात तशी ताई बोलते. गिऱ्हाईक केस कापायला येतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सगळं ऐकून जातं.

ती ताई आज संध्याकाळी गप्प. जेवतानाही मध्येच थांबायची, हनुवटीखाली हात धरून बसायची, मोठ्या विचारवंतासारखी. काही म्हटलं तर नाकातून काहीतरी पुटपुटली. रुसली असावी. कारण विचारलं नाही. विचारलं की सांगतात.

२३ फेब्रुवारी

ताईनं उपहासाची एक नवीच पद्धत काढली आहे. मी काही बोललो की डावा डोळा अर्धा मिटून बघते. या कलेत मी स्वतःला जाणकार समजत होतो, पण नुसत्या एका पापणीत एवढा तुच्छभाव मला जमणार नाही. सकाळी दोन्ही डोळे टक्क उघडे असतात. माझ्याबद्दलचं तिचं मत दिवसभरात बिघडत जातं असं दिसतं.

जेवणात आजही सूप. मी म्हटलं, आपण दोघं आजारी आहोत का? म्हणाली, "चावायचा कंटाळा आला." चावायचा कंटाळा. लोक काय काय टाळतात.

लॅबमध्ये जावयानं मॅडमना सुचवलं, की दोघांनी मिळून एक प्रयोग केला तर वादच मिटेल. वाद मिटला तर मी दिवसभर करू काय?

३ मार्च

व्याख्यान जवळ आलं म्हणून ताईकडून केस कापून घेतले. आयुष्यभर तिच्याकडेच कापलेत, आणि तिनं कधी एक केस इकडचा तिकडे केला नाही. आज उजवी बाजू झाली आणि ती म्हणाली, "थांब जरा." कात्री खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर टाकून स्टुलावर बसली. मग उठली, दोन वेळा कात्री चालवली, पुन्हा बसली. मी म्हटलं, गिऱ्हाइकांनाही असं हप्त्याहप्त्यानं उरकतेस का? ती म्हणाली, "आरशात तू दोन दिसतोस. कोणाचे कापू?"

"जो कमी हुशार दिसेल त्याचे."

ती हसली. म्हणजे हसत असावी. ओठ आडवेच राहिले, हसणं चिडल्यासारखं दिसलं. उठून बघतो तर डावीकडचे केस कानावर, उजवीकडचे कानाच्या वर. समिती माझ्याकडे मान तिरपी करून बघणार.

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांचे केस नेटके होते. म्हणाल्या, "मी हल्ली दुसरीकडे जाते. ताईला सांगू नकोस. आणि तिच्याकडे जरा लक्ष दे." यातलं पहिलं मी पाळणार आहे. दुसऱ्याचा अर्थ कळला नाही. लक्ष ताई माझ्याकडे देते. आमच्या घरात तशी वाटणी आहे.

१० मार्च

ताई चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. त्यांनी सांगितलं, नंबर बदललेला नाही, झोप घ्या. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, बायकांना या वयात असं होतं, आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी म्हटलं, जपून घे, शक्ती वाढली तर बोलणंही वाढेल.

"येतोस का बरोबर?" असं तिनं सकाळी विचारलं होतं. पण आज मायक्रोस्कोप माझ्याकडे होता, आणि मी उठलो असतो तर जावई बसला असता. सार्थकही झालं. एक लाल ठिपका एकटाच भटकत आला, इकडे तिकडे रेंगाळला, मज्जातंतूच्या टोकासमोर पोचला आणि थांबला. पुन्हा हलला नाही. मी जावयाला हाक मारून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे रे. तू जिंकलास बहुतेक."

माणसाला नीट भांडताही येत नाही.

१८ मार्च

आज घरी व्याख्यानाची तालीम. भिंतीवर चादर लावली, प्रेक्षक म्हणून ताईला कॉटवर बसवलं. ती उशीला टेकून, मान हातावर तोलून बसली. इतकी आळशी प्रेक्षक समितीत असू नये.

माझी पहिली स्लाइड म्हणजे एक फोटो. आमच्या विषयातले सगळेच असा एखादा लावतात. एक बाई आहे. तिची एक पापणी खाली आलेली. तिला हसायला सांगितलंय, पण ओठ वर जात नाहीत, त्यामुळे ती चिडल्यासारखी दिसते. आजाराचं नाव मायस्थेनिया. यात शरीर स्वतःच्याच रिसेप्टरवर उलटतं. रक्तात अँटिबॉडी तयार होतात. त्यांना दोन हात असतात. एका हातात एक रिसेप्टर, दुसऱ्यात दुसरा धरतात, आणि अशी बांधलेली जोडी पेशी आत ओढून मोडीत काढते. हळूहळू निरोप झेलायला कोणी उरत नाही. ही स्लाइड मी नेहमी पटकन पुढे सरकवतो. आमच्या कामाचा माणसांना उपयोग आहे एवढं समितीला कळलं की पुरे, मग आपण माणसं सोडून कामाला लागतो.

ताई म्हणाली, "मागे घे."

घेतली.

"हिला काय काय होतं?"

सांगितलं. सकाळी बरी असते. जो स्नायू वापरावा तो दमतो. डोळे, जबडा, हात, आवाज. विश्रांती घेतली की परत येतो.

"बरी होते?"

"गोळ्या असतात. बरेच जण चांगले राहतात. कधी कधी श्वास अडकतो. पण ताई, हा माझा विषय नाही. माझा विषय पुढच्या स्लाइडपासून सुरू होतो."

"बरं. चल पुढे."

शेवटची स्लाइड झाल्यावर तिनं व्याख्यान कधी आहे ते विचारलं. परवा, म्हटलं. "परवाचं होऊ दे. मग मला जरा बोलायचंय तुझ्याशी." दुकानातलं बेसिन गळतंय, त्याबद्दल असणार.

तालीम उत्तम झाली.

२० मार्च

लिहायला बसलोय, पण मॅडमनी ज्यासाठी लिहायला सांगितलं ते आज काही सुचत नाही. झालं ते लिहितो.

सभागृह भरलं होतं. मी पहिली स्लाइड लावली. घरी चादरीवर ती बाई वहीएवढी होती, इथे भिंतीएवढी झाली. मी नेहमीसारखं "या रुग्णाची डावी पापणी" असं म्हणालो आणि मागे वळून पापणी दाखवायला गेलो.

तिथे ताई होती. म्हणजे ती बाई ताईसारखी दिसत नाही, नाक वेगळं, केस वेगळे. पण ती पापणी मी रोज संध्याकाळी बघतो. ते आडवं हसू मी आरशात बघितलंय. हनुवटीखाली हात, सूप, कात्री खाली ठेवणं, आरशातले दोन मी. सगळं मी बघितलं होतं. त्यातल्या प्रत्येकावर विनोदही केला होता.

किती वेळ गप्प उभा होतो माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं नाही का?"

मी म्हणालो, "माफ करा. ही माझी ताई आहे."

समितीला वाटलं फोटोबद्दल बोलतोय. एक सभासद सहानुभूतीनं "अरेरे" म्हणाले. मी खाली उतरलो आणि निघालो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, डोकं मागे टेकून बसली होती. मला आरशात पाहून म्हणाली, "इतक्यात आलास? हाकलून दिलं का?" शब्द नाकातून येत होते. महिनाभर येतच असणार.

मी समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, तिच्याच टॉवेलमध्ये गुंडाळला आणि म्हटलं, डोळा मीट. या आजारात गारव्यानं पापणी थोडा वेळ वर येते. पुस्तकातली साधी परीक्षा आहे. ती म्हणाली, "कपडे भिजतील." पण डोळा मिटला. मी बर्फ धरून उभा राहिलो. पाणी तिच्या गालावरून मानेवर गेलं. एखादा प्रयोग फसावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

टॉवेल काढला. तिनं डोळे उघडले. दोन्ही. पूर्ण.

"दिसतोयस एकच," ती म्हणाली.

२४ मार्च

मेंदूच्या डॉक्टर तरुण आहेत आणि कमी बोलतात. रक्त घेतलं, छातीचा स्कॅन केला, हाताला छोटे विजेचे धक्के देऊन स्नायू कसा दमतो ते पाहिलं. मायस्थेनियाच. त्यांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ताईला जिन्यात विचारलं, तालमीच्या दिवशीच कळलं होतं का?

"तुझं व्याख्यान होतं," ती म्हणाली.

२९ मार्च

साध्या सर्दीनं घात केला. सकाळी ताईला पाणी गिळता येईना, नाकातून बाहेर आलं. बोलायला गेली तर शब्द अर्ध्यावर संपले, श्वास पुरेना. आता अतिदक्षता विभागात आहे. श्वास यंत्र घेतंय.

मी काचेबाहेर बसलोय. तिचा मेंदू शाबूत आहे, ती शुद्धीवर आहे, मेंदू निरोप पाठवतोय. हे मी व्याख्यानात फार सुबक रीतीनं समजावून सांगतो.

३१ मार्च

तिच्या रक्तातला पातळ भाग काढून दुसरा भरताहेत, म्हणजे अँटिबॉडी निघून जातील. पिशवी पिवळसर असते, साधी, सरबतासारखी. एवढं मोठं भांडण त्या पिशवीत.

जावई आला होता. डबा आणला, आणि माझ्याबरोबर बाकावर संध्याकाळपर्यंत बसला. मॅडमकडून कळलं, की त्या दिवशी मी निघून गेल्यावर हाच पुढे झाला आणि माझं व्याख्यान यानं पूर्ण केलं. माझ्या स्लाइड, माझा लाल ठिपका, माझा मुद्दा. स्वतःच्या मुद्द्याविरुद्ध, आणि स्वतःच्या व्याख्यानाची वेळ त्यात घालवून. मॅडम म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरं समजावलं."

त्याला विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "अर्धवट राहिलं असतं ना."



४ एप्रिल

ताईच्या घशातली श्वासाची नळी काढली. घसा बसलाय. तिनं कागद मागितला आणि लिहिलं, "केस कोणी कापले तुझे? भयंकर आहेत."

१६ एप्रिल

ताई घरी. गोळ्या वेळेवर लागतात. घेतल्यावर थोड्या वेळानं चेहरा उजळतो, मग सगळी कामं त्या अवधीत उरकायची. पोटात मुरडा येतो, त्याबद्दल ती औषध शोधणाऱ्याला रोज काहीतरी बोलते. म्हणजे बोलते. संध्याकाळी शब्द अजून घसरतात, पण तेव्हा मी जवळ सरकून बसतो. बेसिन दुरुस्त करून घेतलं. ते खरोखरच गळत होतं. या आजाराला हातभार लावणारी छातीतली एक ग्रंथी पुढे शस्त्रक्रियेनं काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

कायम जागा कोणालाच मिळाली नाही. समितीनं कळवलं, की एका उमेदवारानं व्याख्यान अर्धवट सोडलं आणि दुसऱ्यानं स्वतःचं म्हणणं मांडलंच नाही. पुढच्या वर्षी पाहू. समित्यांबद्दल मी पूर्वी जे काही बोललो असेन ते कमीच होतं.

६ मे

डॉक्टरांनी त्या पिवळ्या पिशव्यांतलं थोडं, ताईच्या परवानगीनं, आमच्या लॅबला दिलंय. मॅडम म्हणाल्या, पेशींवर घालून बघ. मला जमेना. जावयानं घातलं. मी शेजारच्या खोलीत कप विसळत उभा राहिलो. सगळे कप.

संध्याकाळी घरी सांगितलं. ताई म्हणाली, "मला बघायचंय."

"काय बघणार त्यात?"

"माझं आहे ना? मग मी बघणार."

९ मे

ताईला सकाळच्या गोळीनंतर लॅबमध्ये नेलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, जणू कोणाच्या लग्नाला. मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार केला. पहिल्या बशीत साध्या पेशी. लाल ठिपके निवांत सरकत होते. ती भिंगावरून डोळा काढेना.

"काही काम नाही वाटतं यांना."

"भटकतात. जागा सापडली की थांबतात."

मग दुसरी बशी. तिच्या रक्तातलं पाणी घातलेली. तिथे ठिपके भटकत नव्हते. दोघे, तिघे, पुंजके करून जड झाल्यासारखे, आणि बघता बघता पडद्यावरून आत. जिथे गर्दी होती तिथे काळोख. मी तिच्या पाठीमागे उभा होतो. माझ्याकडे या ठिकाणी नेहमी पुढची स्लाइड असते.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दुकानातही मी हेच करते. रस्त्यानं निवांत जाणाऱ्या बाईला हात धरून आत ओढते." आणि थोड्या वेळानं, "पण मी निदान परत बाहेर सोडते."

निघताना तिनं लिफ्ट नको म्हटलं. उतरायचंच तर आहे, म्हणाली. खालचा मजला येता येता गुडघे डगमगले. मी दंडाला धरलं. आम्ही तिथेच पायरीवर बसलो, लिफ्टच्या दारासमोर. साडीला धूळ लागेल म्हणून मी रुमाल अंथरला. तिनं तो बाजूला केला.

"कोणी आलं तर काय सांगशील?"

"खरं ते सांगेन. बसलोय."

"नको. लिफ्ट बंद आहे म्हण."

खालून जावई आला, हातात पेशींच्या बश्यांचा ट्रे. आम्हाला पायरीवर पाहून थबकला. मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे लिफ्टचं दार उघडलं, एक जण बाहेर पडला, आणि दार मिटलं. जावयानं लिफ्टकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "सकाळपासून बंद आहे." आणि ट्रे सांभाळत, आमच्या बाजूनं अंग चोरून, पायऱ्या चढू लागला.